वर उडालेले तीन ठिपके

"आमच्या धाकटीला खोटी ठरवलंय. आणि वर म्हणतात, लाजेने जीव दिला."

एवढं बोलून ती खुर्चीच्या कडेवर बसली, पाठ टेकली नाही. डोळे कोरडे होते. आटलेल्या विहिरीत डोकावल्यासारखं वाटून भावजींनी नजर वळवली.

शोधाचा धंदा वहिनींचा. भावजी त्यांचे धाकटे दीर. गाडी चालवायची, पिशवी धरायची आणि चुकीचे तर्क काढायचे, एवढंच त्यांचं काम.

समोर बसलेली ताई सांगत होती. धाकटी बहीण संशोधन केंद्रात होती. नव्या औषधाची रुग्णांवर चाचणी चालू होती. रुग्णांच्या रक्तात किती विष साठतंय, त्याचे आलेख ती काढायची. परवा संध्याकाळी ती मागच्या जिन्याच्या कठड्यावरून खाली पडली. पोलिसांनी तिचा आलेख उघडला, तर तीन रुग्णांचे ठिपके चौकट सोडून पार शीर्षकाच्याही वर उडालेले.

"म्हणे औषध बदनाम करायला तिने विष फुगवून दाखवलं, आणि केंद्राच्या प्रमुखांनी रंगेहाथ पकडलं. बाई, मी तिला मांडीवर वाढवलंय. लपंडावातसुद्धा ती कधी बोटांच्या फटीतून बघायची नाही."

वहिनी उठल्या. "भावजी, गाडी काढा."

केंद्रात धाकटीच्या खुर्चीवर तिचा स्वेटर अजून तसाच होता, बाह्या आत ओढलेल्या. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने फाइल उघडून दिली. पडद्यावर चित्र नव्हतंच, नुसत्या ओळी.

"हे चित्र?" भावजी म्हणाले.

"चित्रच आहे, काका. ती हाताने काही काढायची नाही. स्क्रिप्ट लिहायची, म्हणजे संगणकाला द्यायच्या सूचना. स्क्रिप्ट मोजमापं वाचते आणि चित्र शब्दांत लिहून काढते. डावीकडून इतक्यावर, वरून इतक्यावर, एक ठिपका. दुसरी स्क्रिप्ट हाच मजकूर वाचून मोजमापं परत बाहेर काढते."

"म्हणजे येणंही लेखी आणि जाणंही लेखी." भावजी पडद्याला नाक लावून वाचू लागले. "वहिनी, या आकड्यांना शेपट्या बघा केवढ्या! दशांशाच्या पुढे रांगच रांग. या तिघांच्याच तेवढ्या छाटल्यात. वीस, तीस, वीस."

"भावजी, कधीकधी उपयोगी पडता तुम्ही."

"कधीकधी?"

"आज." वहिनी मैत्रिणीकडे वळल्या. "तिच्या जागी आता कोण?"

मैत्रिणीची मान खाली गेली. "मीच. पण अशी जागा कोणाला हवी होती, बाई?"

तळमजल्यावर अहवालाच्या आकृत्या सजवणारा चित्रकार भेटला. "भांडायचो आम्ही, लपवत नाही. मी गडद रंग म्हटलं की ती फिका म्हणायची. पण असल्या फायलींत माझा जन्म गेलाय. विष फुगवायचंच होतं, तर चौकटीत राहून फुगवता आलं असतं. शीर्षकावर ठिपके? इतकं गचाळ काम तिचं नव्हे."

"हाच!" जिन्यात भावजी कुजबुजले. "भांडण कबूल केलं."

"तुम्हीही रोज माझ्याशी भांडता," वहिनी म्हणाल्या.

प्रमुखांच्या खोलीत पडदे ओढलेले होते. "मुलीसारखी होती हो मला."

"आलेख पाहिलात, सर?"

"धीर होत नाही. त्या संध्याकाळी तिच्या पडद्यावर नुसता मजकूर होता. औषधातलं विष लपवत होती पोर. आकडे कमी केले होते तिने. मी फार बोललो. नको होतं बोलायला."

भावजींना भरून आलं. वहिनींनी मात्र साधा रुमालही पुढे केला नाही.

दुपारी धाकटीच्या टेबलाभोवती सगळे उभे राहिले. मैत्रीण होती, चित्रकार होता, प्रमुख होते, पोलीस अधिकारी होते. दाराशी ताई.

"सर," वहिनी म्हणाल्या, "ही तिच्या आलेखाची प्रत. यातला एक ठिपका जरा खाली आणून दाखवता? आकडा बदला म्हणजे झालं."

"त्यात काय," म्हणत प्रमुख बसले. एकशे वीसच्या जागी त्यांनी वीस लिहिले. वहिनींनी चित्र उघडलं.

ठिपका उडून शीर्षकावर जाऊन बसला.

प्रमुखांनी आपण लिहिलेला आकडा पुन्हा वाचला.

"इथे वरून मोजतात, सर. आकडा घटला की ठिपका चढतो. तिच्या मैत्रिणीने मी न विचारताच सांगितलं, 'वरून इतक्यावर.' चित्रकाराचा तर जन्म यात गेला. आणि धाकटी रोज हेच लिहायची. तिला ठिपके हलवायचेच असते, तर तिने मोजमापं बदलून स्क्रिप्ट चालवली असती. मग आकड्यांना शेपट्या राहिल्या असत्या. या तिघांच्या शेपट्या हाताने छाटल्यात. छाटणाऱ्याला विष कमी दाखवायचं होतं. पण उलटी मोजणी ठाऊक नव्हती, म्हणून ते वाढलेलं दिसलं."

"पण मी तिला..."

"चित्र बघणारा प्रत्येक जण म्हणाला, तिने विष फुगवलं. तुम्ही एकटे म्हणालात, लपवलं. पडद्यावर तर नुसतं 'वीस' दिसतं. आधी तिथे काय होतं, ते दिसत नाही. मग आकडा कमी केलेला आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

प्रमुखांनी चष्मा काढला. "आयुष्य घातलं मी या औषधात. नुसते तीन ठिपके आडवे आले. मी आकडे बदलल्यावर ती टेबलाशी परत येईल असं वाटलं नव्हतं. तिने ते वाचलं, आणि सगळ्यांना सांगायला धावली. जिन्यात गाठली मी तिला."

अधिकाऱ्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दार उघडलं, मिटलं.

मैत्रिणीने धाकटीची स्क्रिप्ट पुन्हा चालवली. तिन्ही ठिपके आपापल्या जागी उतरले. चौकटीच्या आत, पण बाकीच्यांहून उंच. एकटे.

ताई पुढे आली. आधी तिने स्वेटरच्या बाह्या सरळ केल्या. मग पडद्यावरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"ही खरी माणसं आहेत?"

"खरी."

"जगतील ना? आता औषध थांबेल ना त्यांचं?"

"सकाळीच थांबवायला लावलं," वहिनी म्हणाल्या. मैत्रीण तोंड फिरवून उभी होती. "दोघं जगतील."

ताईने बोट उचललं नाही.