मागे धरलेला हात

गिरगावात माझं बंदुकांचं दुकान. परवाना वडिलांचा, अक्कल गिऱ्हाइकांची. शाळा चौथीतच सुटली. बंदूक विकायला आलेला एक इनामदार तिला कुरवाळत बसला आणि संध्याकाळी परत घेऊन गेला, असली माणसं पुष्कळ पाहिली. पण त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यातली ती दुपार झाल्यापासून मी खुर्ची भिंतीला टेकवल्याशिवाय बसत नाही. तुम्हीही जरा सरकून बसा, सांगतो.

गिरण्यांच्या संपाला दीड वर्ष होत आलं होतं. लालबागच्या एका बंद गिरणीतून रघुवीर स्टोअरकीपर एक पेटी विकायला म्हणून पोचवून गेला. आत जुन्या विलायती दुनळी बंदुकांची जोडी, वर सोन्यात कोरलेले आकडे, एक आणि दोन. झाकणावर चांदीची पट्टी: मोठ्या साहेबांना साचेखात्याच्या कामगारांकडून सप्रेम भेट, १९३८.

पेटीच्या मागोमाग शेवंतीबाई आल्या. साठीच्या, परळहून चालत.

"शेट, आमचे हे साहेबाच्या मागं बंदुका भरून द्यायचे. वडाळ्याच्या मिठागरावर, बदकांच्या शिकारीला. सेहेचाळीस साली गेले ते आले नाय. साहेब बोलला, गणपत पळाला. चाळ बोलली, दुसरा घरोबा केला. पेटीत काय कागद हाय का बघा. हे हायत का गेले, येवढं कळलं म्हंजे झालं."

कागद नव्हता. पण बाईंना तसंच कसं पाठवायचं?

"मावशी, त्यांचं काम कसं चालायचं ते दाखवतो."

दोन्ही बंदुका उघडून पाहिल्या. रिकाम्या. दोन नंबरची माझ्या मागच्या टेबलावर, पेटीत ठेवली. एक नंबर खांद्याला लावून छताकडे रोखली.

"साहेबाची नजर पाखरांवर. तो मागे बघायचाच नाही. बार काढला की उजव्या हाताने रिकामी मागे द्यायची, आणि डाव्या हातात भरलेली..."

बोलता बोलता मी दोन्ही हात मागे केले.

उजव्या हातातलं वजन गेलं.

पडल्याचा आवाज आला नाही. खाजणातल्या चिखलाचा उग्र, खारा वास मात्र आला. माझ्या मागे टेबल, टेबलामागे भिंत. माणूस शिरायला जागाच नव्हती. मग डाव्या तळव्यात दुसरी बंदूक आली. अलगद, नेमकी धरायच्या जागी, सवयीच्या हाताने द्यावी तशी. नळ्या गरम होत्या.

मान वळवायचं धाडस होईना.

"मावशी... मागे कोण आहे?"

त्या माझ्या खांद्यावरून पाहत होत्या. चेहऱ्यावर भीती नव्हती. माझ्या मागे बघतच हलकेच म्हणाल्या, "तुमचं वय तेवढंच ऱ्हायलं हो..."

आणि पदराचं टोक घेऊन त्यांनी कपाळाचं कुंकू पुसलं. सावकाश, दोनदा.

माझ्या पाठीशी, एक नंबरच्या नळ्या भरून बंद झाल्याचा खटका वाजला.