एकशे दहा अंश

दिगंबरमामांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि हात वर नेला. हनुवटीच्या चार बोटं खाली हात थांबला. बाहीतली मोटर नुसतीच गुरगुरली आणि आमटी सदऱ्यावर ठिबकली.

"रोज हितंच अडतंय बघ," मामा भाचीला म्हणाले. "दवाखान्यातल्या बाई म्हणत्यात, तुमचाच सांधा आखडलाय. हट्ट करू नका, घरच्यांना भरवू दे."

हेमांगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्धांगवायूने लुळ्या पडलेल्या हातापायांना उचलून धरणारा हा आधार-पोशाख तिच्याच कंपनीचा होता, आणि तिनेच तो मामांच्या गळी उतरवला होता. तिने लॅपटॉप जोडून कोपराची मर्यादा पाहिली. एकशे दहा अंश. माणसाचा कोपर एकशे चाळीसच्या पुढे वाकतो! कोण हा गाढव?

पण आकडा ओळखीचा होता. सहा वर्षांपूर्वी तिनेच तो कंपनीच्या एका संगणकावरच्या लढाईच्या खेळासाठी ठरवला होता. धक्का लागून कोसळणाऱ्या शिपायाचे हातपाय भलतीकडे मुरगळू नयेत, म्हणून कुठला सांधा किती फिरेल याची यादी तिने केली होती. कोपर पुरता वाकला की शिपायाचं लोखंडी मनगटकवच दंडात घुसलेलं दिसायचं. कवचाचं चित्र नव्याने काढण्याचा तिला कंटाळा आला. तिने आकडा घटवला आणि ती चहाला गेली.

तिने कंपनीतल्या साहेबांना फोन लावला. "सुभेदार सर, पोशाखात त्या खेळातली यादी घातलीत?"

"तयारच होती ना. सहा वर्षांत एक तक्रार नाही तिच्याबद्दल."

"तो शिपाई जेवत नव्हता, सर!"

"ओरडू नकोस. नऊ हजार पोशाख बाहेर आहेत. पुढच्या तिमाहीत बघू."

"तोवर नऊ हजार माणसांनी दुसऱ्याच्या हातून खायचं? लाज वाटते का?" तिने फोन आपटला. लाज तिलाही वाटत होती, त्यामुळे राग आणखीच चढत होता.

तिने मोटर बंद करून मामांचा कोपर हळूहळू वाकवून पाहिला. तो सहज वाकला, कुठेही दुखलं नाही. मग तिने आकडा बदलला.

मामांनी घास तोंडात घातला. बराच वेळ ते चावत राहिले.

"तीन महिने मी माझ्याच हाताला शिव्या घालत हुतो," ते म्हणाले. मग त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "मांडी घालाय गेलो की ह्योबी अडतोय. ह्येचा आकडा कुणी ठरवलाय, हेमा?"