ईश्वराचे पुरावे आणि चष्म्याचा नंबर

"डोळ्याइतकी अचूक वस्तू आपोआप कशी घडेल? कुणीतरी घडवणारा हवाच ना!"

माझ्या दुकानात, माझ्याच खुर्चीत, माझीच चाचणीची फ्रेम नाकावर चढवून हा अनोळखी माणूस मला ऐकवत होता. ओळख म्हणाल तर एवढीच — तो कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो आणि सकाळी स्वतःच्या चष्म्यावर बसला होता.

"डोळा एवढा अचूक असता," मी भिंग बदलत म्हटलं, "तर माझं दुकान चाललं असतं का? खालची ओळ वाचा."

तो हसला. छान हसला... मी मात्र हसले नाही. बाहेर काउंटरपाशी बाबा बसले होते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना चष्मे लावले, आणि दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांचीच नजर नेली. तेव्हापासून देवाशी माझं बोलणं बंद आहे. मी हे त्याला सांगून टाकलं, जरा फटकळपणेच.

त्याचा चेहरा उतरला. "चुकलंच माझं," एवढंच म्हणाला. वाद घालणारा माणूस इतक्या पटकन चूक कबूल करतो, याचं मला नवल वाटलं.

चार दिवसांनी स्वारी पुन्हा हजर. नंबर चुकलाय म्हणे! मी तपासत राहिले आणि तो बोलत राहिला. प्रत्येक गोष्टीला कारण असतं, त्या कारणालाही कारण, म्हणजे मागे मागे गेलं की कुठेतरी पहिलं कारण असणारच...

"आणि त्या पहिल्याला कारण नको? त्याला बरी सवलत!"

"माझे विद्यार्थी अगदी हेच विचारतात."

"मग तुम्ही काय सांगता?"

"तोवर तास संपतो."

या वेळी मात्र मला हसू फुटलंच.

तिसऱ्यांदा आला तेव्हा आधी अर्धा तास बाबांना पेपर वाचून दाखवला, मग म्हणाला, उजव्या डोळ्याला धूसर दिसतंय. तो गेल्यावर बाबा गालातल्या गालात हसले. "बारीक टाइपातला अग्रलेख घडाघडा वाचतो आणि तुझा तक्ता वाचताना अडखळतो, होय गं?"

"बाबा!"

"बरं, राहिलं. त्याला परगावी नोकरी आलीये. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. तुला नाही बोलला?"

दार वाजलं की मी मान वर करते ती कुणासाठी, हे मला तेव्हा कळलं.

शुक्रवारी तो आला. मी तक्ता लावलाच नाही. खोलीतला दिवा मंद केला आणि तपासणीच्या बॅटरीचा बारीक उजेड त्याच्या डोळ्यात सोडला. या तपासणीत माणसाला काही सांगावं लागत नाही, डोळाच नंबर सांगतो.

"नंबर बरोबर आहे," बॅटरी खाली ठेवत मी म्हटलं. "पहिल्यापासून. खोटं का बोललात?"

"ईश्वराचे सगळे पुरावे मी वर्गात मांडतो. प्रत्येकात कुठेतरी फट सापडतेच. तरी मला वाटतं, तो आहे. तुमच्याबद्दलही माझं तसंच... पुरावा मागाल तर—"

"मागणारच."

"मग डोळ्यात बघा. आवडतं माणूस समोर आलं की बाहुली मोठी होते म्हणतात."

मी बघितलं. चांगली मोठी झाली होती. "कमी उजेडात सगळ्यांचीच होते," मी कशीबशी म्हणाले.

"मग उजेड वाढवा."

हात धजेना. तरी वाढवला. बाहुली झटकन आकसली, कुणाचीही आकसावी तशी. मला रडूच यायला लागलं.

"गेला तुमचा पुरावा."

"गेला खरा," तो म्हणाला, आणि खुर्चीतून हलला नाही. "मी नाही जाणार. सकाळीच कळवून आलोय त्यांना."

मी त्याचा चष्मा पुसला आणि त्याच्या कानांवर चढवला. दिवसातून वीसदा करते मी हे. आज मात्र हात लगेच मागे घेतले नाहीत.

"माझ्याकडे तर पुरावा मुळीच नाही," मी म्हटलं. "तुम्ही मला आवडता, बस्स."