चौथ्या मजल्यावरची मेलेली चिप

चिप मेली होती. सकाळी संशोधक मुलीने यंत्र सुरू केलं, तर पडद्यावर प्रवाहाची रेघ सपाट.

नखाएवढ्या त्या तुकड्यावर दोन क्वांटम डॉट होते, म्हणजे इलेक्ट्रॉनला जायच्या दोन शेजारच्या वाटा. एकच इलेक्ट्रॉन दोन्ही वाटांनी जातो, पुढे स्वतःलाच भेटतो आणि आलेखावर लाटा उठतात. मुलीची पदवी त्या लाटांवर उभी होती. दुपारपर्यंत तिच्यावर मोडतोडीचा आरोप ठेवून तिला काढायचा प्रस्तावही तयार झाला.

चौकशी अधिकारी बाई जिना चढून प्रयोगशाळेत आल्या; मुलगी यंत्रापाशीच उभी होती. मागोमाग विभागप्रमुख धापा टाकत आले.

"परवापासून लिफ्ट बंद! माझ्या वयाच्या माणसाने काय उडत यायचं?"

"चिप शेवटची कोणी पाहिली?" बाईंनी विचारलं.

"मी. काल संध्याकाळी मोजली, ठणठणीत होती. हा घ्या कालचा आलेख. किल्ल्या दोनच. माझ्यानंतर ही पोर आली. एवढं कळायला विज्ञान लागत नाही, बाई."

असले विद्वान बाईंनी पोत्याने पाहिले होते. त्यांनी आलेख उलगडला. इलेक्ट्रॉनच्या अंगच्या इवल्या चुंबकाचं, म्हणजे स्पिनचं, टोक वर असेल तर रेघ लाल, खाली असेल तर निळी. मध्येच तीन ठिकाणी दोन्हींना धक्का बसलेला: लाल वर, निळी खाली.

"हे कसले धक्के?"

"वीजपुरवठ्याची खरखर. सोडा हो."

बाईंनी आलेख घडी करून ठेवला. टेबलाशेजारी खुंट्यांवर दोन मनगटी पट्टे होते. एक वापरून गुळगुळीत, दुसऱ्यावर धूळ.

"हे काय?"

"अंगातली वीज जमिनीत सोडायला, मॅडम," मुलगी म्हणाली. "पट्ट्याशिवाय बोट लागलं की चिप खलास."

"नवशिक्यांची खेळणी," प्रमुख हसले. "मी आयुष्यात बांधला नाही."

"आणखी काय काळजी घेतेस?" बाईंनी मुलीला विचारलं.

"मोजताना लिफ्ट थांबवते. भिंतीपलीकडेच आहे. तिचं लोखंड हललं की चुंबकीय क्षेत्र हलतं."

"थेरं नुसती! मी कधी थांबवत नाही."

"क्षेत्र हललं तर रेघांचं काय होतं?"

"दोन्ही स्पिन उलट दिशांना सरकतात."

"आणि वीजपुरवठ्यामुळे?"

"दोन्ही एकाच दिशेला."

बाईंनी आलेख तिच्यापुढे धरला. तोवर तिला तो कोणी दाखवलाच नव्हता. तिने पाहिला आणि धक्क्यांवर बोट ठेवलं. "सर, ही तर लिफ्ट आहे."

"हो ना," बाई म्हणाल्या. "आणि लिफ्ट परवापासून बंद आहे. धापा टाकत तुम्हीच सांगितलंत, साहेब. म्हणजे हा आलेख कालचा नाही, जुना आहे. हिच्या आलेखांत लिफ्ट सापडणार नाही, ती थांबवते. म्हणजे हा तुमचा. आता जुना आलेख कालचा म्हणून कोण दाखवेल? ज्याला काल लाटा मिळाल्याच नाहीत, तो. चिप तुमच्याच हातात मेली. उघड्या बोटाने."

"एका पट्ट्यावरून तुम्ही माझ्यावर..."

"पट्ट्यावरून नाही. चूक कबूल करायला तुम्हाला एक वाक्य पुरलं असतं. त्याऐवजी तुम्ही पोरीचा बळी द्यायला निघालात."

प्रमुखांनी घाम पुसला. "मग... आता काय करायचं?"

बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. "कबुली लिहा. घाबरू नका, पेनला हात लावायला पट्टा लागत नाही."