टोपण लावून ओढलेला श्वास

"ढब्बू, इकडे ये आणि हा ओढ," मासोळी म्हणाली.

"सकाळी सकाळी? अजून दूधसुद्धा प्यायलो नाही मी."

"ओढ म्हणते ना!"

ढब्बूने मुकाट्याने रेग्युलेटर तोंडात धरला. त्याच्या बाबांचं, म्हणजे मासोळीच्या मामाचं, धक्क्यालगत दुकान होतं. पाणबुड्यांचं सगळं सामान तिथे मिळायचं: पायात घालायचे पंख, हवेच्या टाक्या आणि टाकीतली हवा तोंडापर्यंत पोचवणारे हे रेग्युलेटर. एका टोकाला टाकीवर बसणारा पितळी ठोकळा, मधे नळी, दुसऱ्या टोकाला दातांत धरायची डबी. ठोकळ्याला टोपण लावायचं आणि डबीतून हवा ओढायची. कितीही ओढली तरी ती येता कामा नये. आलीच, तर आतलं रबर कुठेतरी फाटलंय असं समजायचं.

ढब्बूने ओढली. हवा सुर्रकन आली.

"मस्त येतेय की," तो म्हणाला.

"तेच तर," मासोळी म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला.

हा रेग्युलेटर तिच्या आईचा. आई पाण्याखाली जाऊन जहाजांचे तळ दुरुस्त करायची. सुट्टी लागली की येते म्हणाली होती. सुट्टी लागली आणि आईचं जहाज दुसऱ्याच समुद्रात गेलं. नवा रेग्युलेटर आईबरोबर गेला, जुना इथे खुंटीवर राहिला. मासोळी तो रोज गोड्या पाण्याने धुवायची आणि सकाळी टोपण लावून ओढायची. ओठ घट्ट खेचले जायचे, आणि तिला वाटायचं, पलीकडचं टोक आईनेच धरून ठेवलंय. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. ढब्बूने सुट्टीभर चिडवून बेजार केलं असतं.

तेवढ्यात शेजारची वकीलबाई आली आणि तिने काय झालं ते ऐकून घेतलं. वय बारा, पण वाद घालण्यात मोठ्यांना भारी, म्हणून हे नाव.

"रडण्याआधी नीट बघ," ती म्हणाली. "हा तोच आहे का?"

मासोळीने डबी उजेडात धरली. आई पाण्याखाली डावीकडचा दात रोवायची. त्या बाजूच्या रबराला खळगा पडला होता. इथे खळगा नव्हता, आणि नळीवर मिठाचे पांढरे ठिपके होते.

"हा आईचा नाहीच!"

मामा दुकान झाडत होता. विचारल्यावर तो जास्तच जोरात झाडायला लागला. "तोच आहे गं. जुनं रबर ते, थोडी हवा यायचीच."

"तोच असेल तर चांगलाच असणार," वकीलबाई म्हणाली. "काका, ही डबी बादलीत बुडवून ओढून दाखवता? एकदाच."

"न दाखवायला काय झालं!" मामा गुडघ्यांवर बसला, डबी तोंडात धरून पाण्यात वाकला आणि जोरात ओढली. फाटक्या रबरी पडद्यातून आलेलं पाणी थेट घशात गेलं. मामा खोकून खोकून लाल झाला.

"बाबा, समुद्रात असतात तर?" ढब्बू हळूच म्हणाला.

मामाने डबी खाली ठेवली. "चुकलं माझं. काल एक आजोबा आले. त्यांना जुना पितळीच हवा होता. भिंतीवरचा एकेक ओढून बघितला, नाक मुरडलं आणि नेमका तोच उचलला. म्हटलं, ताईकडे नवा आहे. दोन्ही दिसायला सारखे, म्हणून खुंटीवर हा टांगला. कुणाला कळणार होतं?"

"मला," मासोळी म्हणाली. "आजोबा कुठे आहेत?"

"आता लाँचने निघतील."

तिघंही धक्क्याकडे धूम पळाली. लाँच लागली होती. बाकावर एक आजोबा पिशवी मांडीवर घेऊन बसले होते, आणि पिशवीतून ओळखीची नळी डोकावत होती.

"आजोबा, तो माझ्या आईचा आहे," मासोळी धापा टाकत म्हणाली.

"पण तो वापरात नाही, असं सांगितलं मला."

"आहे. मी वापरते."

"तू बुड्या मारतेस?"

"नाही." सगळे ऐकत होते, पण आता लपवून चालणार नव्हतं. "मी रोज टोपण लावून ओढते. आई तिकडून धरून बसलीये असं वाटतं."

ढब्बू हसला नाही.

आजोबांनी रेग्युलेटर बाहेर काढला. "मी हा का निवडला, सांगू? नळीच्या टोकाची रबरी बाही सरकवून बघितली, खाली एक भेग नाही. ठोकळ्याच्या तोंडाची जाळी हिरवी पडलेली नाही, म्हणजे खारं पाणी आत गेलेलं नाही. जुना रेग्युलेटर घेताना मी त्याचं वय बघत नाही, राखणारा कसा आहे ते बघतो. कोण राखतं हा?"

"मीच."

म्हणजे तिने इतका जपला, म्हणूनच तो गेला होता. तिला रडावं की काय ते कळेना.

"शाब्बास!" आजोबा म्हणाले. "इतकी वर्षं समुद्रात काढली, पण इतकं नीट ठेवलेलं जुनं सामान क्वचितच बघितलं. घे बाई, तुझा तुला." मामा धापा टाकत पोचला होता, त्याच्याकडे वळून ते म्हणाले, "आणि तुम्ही भिंतीवरच्या सगळ्यांची रबरं बदला. पुढच्या खेपेला मी त्यातला एक नेईन. पण तपासणार ही पोरगी."

मामाने मान खाली घालून हो म्हटलं.

संध्याकाळी आईचा फोन आला. मासोळीने सगळं सांगितलं. आई हसली.

"आता टोपण लावून ओढलास?" तिने विचारलं.

"ओढला."

"हवा आली?"

"अजिबात नाही."

"मग सगळं ठीक आहे."

मासोळीने डाव्या बाजूच्या खळग्यावर अंगठा ठेवला.

"रेग्युलेटर ठीक आहे, आई," ती म्हणाली. "मी नाही. तू कधी येतेस?"