पाटात बसलेला पांडा

"मोटार सुरू झाली!" तारा बांधावरून ओरडली आणि उज्मा पाटाच्या तोंडाकडे धावत सुटली. विहिरीवरच्या पंपाचे ते पाणी पाटातून बागेत शिरले, तर मामूंची उरलेली संत्र्याची झाडेही जाणार होती.

दिवाळीच्या सुट्टीत उज्मा, तारा आणि शुभंकर राजापेठेतून बाळापूरला आले होते, उज्माचे मामू गयासुद्दीन यांच्या बागेत. शाळेने दोन अगदी निराळ्या जिवांची तुलना करून आणायला सांगितली होती. पहिला जीव उज्माने निवडला, पांडा. दुसरा बागेनेच पुढे केला. पाने पिवळी पडून झाडे एकामागून एक वाळत होती. मामू त्याला तहान समजून अधिकच पाणी सोडत. मुलांनी मात्र पाहिले की मरण पाटाच्याच वाटेने उतरत आहे. पाटापासून दूरची झाडे हिरवीगार होती. म्हणजे मुळे कुजवणारा, बुरशीसारखा एखादा जीव पाण्याबरोबर पसरत असावा.

पांडा रानात सहसा नजरेस पडत नाही. चावलेल्या बांबूवरून त्याचा माग काढतात. मग या अदृश्य जिवाचा माग तसाच, त्याने खाल्लेल्या पानांवरून का काढू नये? उज्माने दोन वाडग्यांत दोन्हीकडची माती पाण्यात कालवून वर संत्र्याच्या पानांचे तुकडे तरंगत ठेवले. दूरच्या मातीवरचे हिरवे राहिले. पाटाजवळच्या मातीवरचे आज सकाळी काळे पडलेले दिसले. पण मामूंनी ऐकूनच घेतले नव्हते.

शुभंकरने घातलेला मातीचा बांध पाण्याने क्षणात नेला. तेव्हा उज्मा स्वतःच पाटात फतकल मारून बसली.

"आता शोभतेस पांडा," शुभंकर तिच्या दोन्ही बाजूंना चिखल थापत म्हणाला.

मामू धावत आले. "काहून बसली वं तिथं? ऊठ. झाडं तहानेनं मरून राहिली."

"पाण्यानं मरताहेत, मामू." ताराने दोन्ही वाडगे पुढे धरले. उज्मा थंडीने कुडकुडत म्हणाली, "पांडा बांबू खातो, तरी बन उरतं. हा मातीतला जीव मूळच संपवतो. आणि पुढच्या झाडापर्यंत त्याला तुम्ही पोचवता."

मामूंनी जवळच्या झाडाची माती उकरली. मुळाची साल बोटांत सुटून आली. त्यांनी जाऊन मोटार बंद केली.

मामूंनी अकोल्याहून बोलावलेल्या फळतज्ज्ञ बाईंनी मुलांचे निदान खरे ठरवले. प्रत्येक झाडाला वेगळे, खोडापासून दूर आळे करून पाणी द्या, असे बजावून त्यांनी तिघांची पाठ थोपटली.

मेलेली झाडे उपटताना मामूंचे डोळे भरून आले. मग हिरव्या ओळीकडे बोट करून ते म्हणाले, "तू बसली म्हणून हे उभे हायेत, पोरी."