सातव्या घराचा प्लग

लाइट यायला वेळ लागेल, तोवर इथेच पहाऱ्याच्या चौकीत बसा. ही गोष्ट आपल्याच गल्लीतल्या कोस्वाराची. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली. सांगताना त्याचा चहा पुढ्यात तसाच गार झाला होता.

कोस्वारा लग्नांचे फोटो काढायचा. आठ जानेवारीला, शनिवारी, तो पलीकडच्या गावात एका लग्नाला गेला होता. आधीच्या लग्नाचे सगळे फोटो घरच्या कॉम्प्युटरमध्ये होते, आणि दुसरीकडे कुठेच नव्हते. दुपारी दोनच्या सुमारास सालाक डोंगराच्या अंगाने आभाळ काळं झालेलं त्याने पाहिलं आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या आर्सिह एमाला फोन लावला.

विजा कडाडणं आपल्या बोगोर शहरात रोजचंच. तेव्हा या गल्लीतल्या सातही घरांतली माणसं सकाळी कामाला जाताना किल्ल्या एमाकडे ठेवून जायची. आभाळ भरलं की ती म्हातारी किल्ल्यांचा जुडगा घेऊन घरोघर फिरायची. टीव्हीचा प्लग काढ, कॉम्प्युटरचा काढ. काढलेली वायर गुंडाळून, वर रबर लावून ठेवायची. ईदेला कोणी वाटीभर गोड दिलं तर दिलं.

"एमा, माझं घर झालं का?"

"झालं की. तुझ्या डब्याला माझ्यापेक्षा जास्त भीती वाटते का रे विजेची?"

"आणि छतावरून येणारी ती इंटरनेटची वायर?"

"ती वर आहे, उजांग बाळा. खुर्चीवर चढावं लागतं. मी आत्ताच घरी येऊन पाय पुसले."

"सगळे फोटो जातील, एमा. दोन मिनिटांचं काम आहे."

ती म्हणाली, "आभाळ फार जवळ आलंय रे."

"एवढं कराच," कोस्वारा म्हणाला.

संध्याकाळी ती सापडली त्याच्या घरात, खुर्चीच्या पायाशी. वायर हातात होती. तिचा फोन जळून कोळसा झाला होता, त्यामुळे शेवटचा फोन कोणाचा हे कोणालाच कळलं नाही. कॉम्प्युटरला मात्र काही झालं नव्हतं. शेजारी म्हणालेसुद्धा, नशीबवान आहेस.

एमाचा मुलगा जाजांग. मातीहून आल्यावर तो सरळ कोस्वारासमोर येऊन उभा राहिला. "सगळ्यांचे प्लग काढून ती घरी आली होती. परत कशाला गेली? तू सांगितलंस?"

"नाही, दादा. मला माहीत नाही."

"म्हणजे तिचीच हौस," जाजांग म्हणाला. "लोकांच्या डब्यांपायी जीव घालवला म्हातारीने. अक्कल नव्हती." त्यानंतर तो हेच सगळ्यांना सांगत राहिला. सातव्या दिवसाच्या प्रार्थनेलाही सांगितलं. कोस्वारा तिथेच बसून भात खात होता.

चाळिसावा दिवस आला सोळा फेब्रुवारीला. बुधवार होता. प्रार्थना गल्लीच्या पलीकडे, जाजांगच्या घरी. सगळी गल्ली तिथे जमली होती, घरांना कुलपं होती. कोस्वाराला तिथे बसवेना. रात्री साडेनऊला तो उठला, घरी आला, आतून कडी लावली. गडगडाट सुरू झाला होता. त्याने स्वतः कॉम्प्युटरचा प्लग काढला. वरची वायरही काढली. दोनदा पाहून खात्री करून घेतली. मग आडवा झाला.

पावणेदहाला लाइट गेली.

पाऊस अजून पडत नव्हता. गल्लीत किल्ल्या वाजल्या.

पहिल्या घराचं कुलूप उघडलं. थोडा वेळ काही नाही. मग कुलूप लागलं.

दुसरं घर.

कोस्वारा उठून बसला. एमा गेल्यावर किल्ल्या ज्याच्या त्याला परत दिल्या होत्या. तो जुडगा आता राहिलाच नव्हता.

तिसरं. चौथं. घाई अजिबात नाही. म्हातारं माणूस चालतं तशी चाल.

सहावं.

मग त्याच्याच, सातव्या दारात किल्ली फिरली. कडी होती. दार हललं नाही.

"उजांग..."

तो दाराला पाठ लावून उभा राहिला.

"मला परत कोणी पाठवलं रे?"

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती. आपण आपल्याच हौसेने गेलो असं लोक सांगतात ते खरं का, एवढंच तिला हवं होतं. एक शब्द पुरला असता. कोस्वाराने तोंड उघडलं आणि...

"मला... माहीत नाही."

बाहेर शांत झालं.

बराच वेळ.

मग त्याच्या समोर, बंद खोलीतल्या अंधारात, खुर्ची सरकली.

वीज पडली ती त्यानंतर.

सकाळी बाकीच्या सहाही घरांत प्लग काढलेले होते. वायरी गुंडाळून, वर रबर लावलेलं. ज्याला त्याला वाटलं, घरातल्या दुसऱ्या कोणी काढला असेल. सातव्या घरात कॉम्प्युटर आतून काळा पडला होता. फोटो गेले. आणि कोस्वाराने स्वतःच्या हाताने काढलेला प्लग भिंतीत होता. पार आत दाबलेला.

तो तसाच जाजांगकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. जाजांगने ऐकून घेतलं. म्हणाला, "चाळीस दिवस मी तिला बिनअकलेची म्हणालो." दार लावून घेतलं. ते कोस्वारासाठी पुन्हा उघडलं नाही.

कोस्वारा घर सोडून गेला. तो प्लग पकडीने ओढूनही निघेना, शेवटी वायर कापून टाकली. तो अजून तिथे आहे, दिवसा जाऊन बघा. वितळलेल्या प्लास्टिकमध्ये अंगठा रुतल्याची खूण आहे. बाहेर ओढणाऱ्याची नाही, आत दाबणाऱ्याची. लहानशी. जाजांगने एकदा त्यात आपला अंगठा ठेवून पाहिला होता... बसला नाही.